जुन्या वळणाचं घड्याळ पुन्हा पुन्हा थांबतंय? झटकण्याआधी वेळ लिहून घ्या

लक्षणं

जुन्या वळणाचं घड्याळ सुटे भाग जुळवून घरीच बनवलं: डायल बदललं, काटे बदलले, वर फुगीर काच बसवली. टेबलावर तासभर ठणठणीत चाललं. फोटो काढून झाले, घड्याळ मनगटावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बघावं तर बंद. मनगट झटकलं की सुरू. काही तासांनी पुन्हा बंद. यातलं तुमचं दुखणं कोणतं ते आधी बघा:

- थांबल्यावर सेकंद काटा जागच्या जागी थरथरतो, पुढे सरकत नाही. हलवलं की निघतो.
- रात्री दहा ते एकच्या मध्ये थांबतं आणि खिडकीत दोन तारखांचे अर्धे अर्धे आकडे दिसतात.
- हातात चालतं, पालथं ठेवलं की थांबतं.
- सेकंद काटा फिरत असतो, पण दिवसभरात घड्याळ अर्धा-पाऊण तास मागे पडलेलं असतं.
- साडेचार वाजलेत आणि तास काटा बरोबर चारावर.
- केसबाहेर (केस म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी) उत्तम चालतं, केसमध्ये बसवलं की मान टाकतं.

दिसायला ही सगळी वेगवेगळी दुखणी. पण माझ्या हाताखालून गेलेल्या घड्याळांत बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नव्हतंच. कुठला तरी भाग कशाला तरी घासत होता.

हे लिहिताना डोळ्यासमोर एक ठरावीक प्रकार आहे. सिकोचं एनएच३५ किंवा त्याच घराण्यातलं मशीन, बाजारात सुटी मिळणारी केस, आणि चेहरा सिकोच्या १९६५ सालच्या पहिल्या डायव्हर घड्याळाचा, म्हणजे संग्राहक ज्याला ‘६२मास’ म्हणतात त्याचा. करडं डायल, उठावाचे जाड इंडेक्स (म्हणजे तासांच्या खुणा), पट्टीसारखे रुंद काटे, चावी (बाजूची फिरवायची गुंडी) तीनच्या जागी. मूळ घड्याळ आज परवडत नाही म्हणून हा खटाटोप. जुन्या पायलट घड्याळासारखं किंवा पन्नासच्या दशकातल्या साध्या घड्याळासारखं काही बनवत असाल तरी पुढचं सगळं लागू आहे.

मूळ घड्याळात डायल, काटे, काच आणि मशीन एकमेकांसाठीच बनले होते. आपण डायल एकाकडून घेतो, काटे दुसऱ्याकडून, काच तिसऱ्याकडून. जुना चेहरा हवा म्हणून प्रत्येक भाग थोडा थोडा जाड निवडतो: इंडेक्स जाड, काट्यातला रेडियम जाड (म्हणजे अंधारात चमकणारा लेप; हल्ली त्यात रेडियम नसतो, पण बाजारात शब्द तोच चालतो). मशीनच्या मधल्या दांड्याची उंची मात्र तेवढीच राहते. तेवढ्या जागेत तीन काटे एकमेकांना न शिवता फिरायचे असतात. त्यात मुख्य स्प्रिंगची ताकद चाकांच्या साखळीतून सेकंद काट्यापर्यंत येता येता अगदी क्षीण होते. तिथे कापसाचा तंतूही पुरतो.

थांबलेली वेळ काय सांगते

बंद घड्याळ दिसलं की हात आपोआप झटकला जातो. पुरावा तिथेच नाहीसा होतो. झटकण्याआधी फोनवर एक फोटो काढा, तिन्ही काटे स्पष्ट दिसतील असा. असे चार-पाच फोटो जमेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

नाशिकच्या मावसभावानं असंच एक घड्याळ हौसेनं बनवलं होतं. त्याचा फोन आला, “दादा, तीनदा उघडलं, काही सापडत नाही. तुझ्याकडे पाठवू का?” म्हटलं, घड्याळ नको, फोटो पाठव. पाच दिवसांत चार आले: ५:२७, ८:४४, २:११ आणि पुन्हा ५:२८. त्याच्या मते यात काही संगती नव्हती. मी त्याला तेच फोटो पुन्हा बघायला सांगितले. चारही फोटोंत मिनिट काटा तास काट्याच्या बरोब्बर डोक्यावर बसलेला होता.

बारा तासांत हे दोन काटे अकरा वेळा एकमेकांवर येतात, साधारण दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी. त्या वेळा अशा: १२:००, १:०५, २:११, ३:१६, ४:२२, ५:२७, ६:३३, ७:३८, ८:४४, ९:४९, १०:५५. हा कागद माझ्या टेबलाला चिकटवलेला आहे. तुमच्या फोटोंतल्या वेळा एखाद्या मिनिटाच्या फरकानं यात बसत असतील तर तास आणि मिनिट काटा एकमेकांना शिवतायत. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, सरळ काट्यांच्या भागाकडे जा.

सेकंद काटा दर वेळी मिनिट काट्यावर येऊन थांबलेला दिसला तर भांडण त्या दोघांत आहे. ते दर मिनिटाला भेटत असल्यामुळे तास-मिनिटांची वेळ कोणतीही असू शकते. म्हणून फोटोत सेकंद काटा हवाच.

तास वेगवेगळे पण मिनिटं तीच, समजा दर वेळी वीसच्या आसपास, तर मिनिट काट्याचं टोक तिथल्या इंडेक्सला किंवा डायलभोवतीच्या उतरत्या कड्याला लागतंय. अशा वेळी घड्याळ थांबेलच असं नाही. कधी मिनिट काटा अडकून राहतो आणि आतली चाकं फिरत राहतात, कारण हा काटा ज्या नळीवर बसतो ती घट्ट जखडलेली नसते, नुसत्या पकडीवर फिरते. वर लिहिलेलं ‘सेकंद काटा फिरतोय पण वेळ मागे’ हे लक्षण बरेचदा इथलं.

फक्त रात्री दहा ते एक या वेळात थांबत असेल तर तारखेची चकती. तेव्हा मशीन वेळही चालवतं आणि चकतीही ढकलतं, म्हणजे ओझं वाढलेलं असतं. यात एक फसगत आहे. १०:५५ आणि १२:०० या काटे भेटण्याच्याही वेळा आहेत. मग दुपारचं बघायचं. दुपारी बारालाही थांबत असेल तर काटे, फक्त मध्यरात्रीच थांबत असेल तर तारीख. दुपारी चकती हलतच नाही.

कशातच संगती नसेल तर क्रमानं खालच्या तपासण्या.

न उघडता करायच्या तपासण्या

*किल्ली.* हसू नका. बैठं काम करणाऱ्याच्या हातावर ऑटोमॅटिक घड्याळ पुरेसं भरत नाही, आणि सुट्टीत टेबलावर पडलं की सोमवारी बंद. एनएच३५ पूर्ण भरलं तर सुमारे ४१ तास चालतं आणि त्याला हातानं किल्ली देता येते. सिकोच्याच जुन्या ७एस२६ मशीनला ती सोय नाही, ते हलवूनच भरावं लागतं. चावी पुढच्या दिशेनं पंचावन्नेक वेळा फिरवा, घड्याळ टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. चाळीस तासांच्या आसपास चाललं तर घड्याळात दोष नाही, तुमच्या दिनक्रमात आहे.

आता उलटी परीक्षा. घड्याळ पूर्ण उतरू द्या, मग फक्त पंधरा-वीस फेरे किल्ली द्या. पूर्ण भरलेली स्प्रिंग हलकं घासणं रेटून नेते, अर्धी भरलेली नेत नाही. ‘कधी थांबतं, कधी नाही’ यामागचं गूढ बहुतेकदा एवढंच असतं. दोष रोजचाच, ताकद कमी-जास्त.

*चावी पूर्ण आत आहे का.* एनएच३५ मध्ये चावी शेवटपर्यंत ओढली की सेकंद काटा थांबतो, वेळ सेकंदावर लावता यावी म्हणून. आट्यांची चावी अर्धवट लागली असेल, किंवा तिचा दांडा लांब कापला गेल्यामुळे ती केसला टेकत नसेल, तर बाहीत अडकून ती कधी बाहेर येते ते कळतही नाही. नखानं दाबून बघा. चावी आणि केसमध्ये फट दिसत असेल तर ती नोंदवून ठेवा. त्या फटीतून पावसाळ्यात पाणीही जाणार आहे.

*होकायंत्र.* चुंबकत्व लागलेलं घड्याळ सहसा थांबत नाही, पळतं, दिवसाला काही मिनिटंसुद्धा. तरी दोन मिनिटांचं काम आहे म्हणून करून टाका. फोनमधलं होकायंत्र उघडा, घड्याळ हळूहळू जवळ न्या. सुई भेलकांडली तर चुंबकत्व काढायची छोटी निळी पेटी कुठल्याही घड्याळाच्या सामानवाल्याकडे स्वस्तात मिळते. (दुकानात ‘कंपास’ मागितलंत तर पट्टी-कोनमापकाची पेटी हातात पडेल, माझ्या हातात पडली होती.)

*बाजूचा उजेड.* ही फुकटातली सगळ्यात कामाची तपासणी, आणि लोक नेमकी हीच सोडतात. घड्याळामागे पांढरा कागद धरा आणि ट्यूबलाइटसमोर नजर डायलच्या पातळीला आणा, जणू जमिनीला गाल टेकवून दाराखालच्या फटीतून बघताय. फुगीर काचेच्या कडेला प्रतिमा वाकडी होते, म्हणून किंचित वरून, काचेच्या मधल्या भागातून बघायचं. डोळ्याला आयग्लास (घड्याळजींचं भिंग) असेल तर उत्तम. खाली तास काटा, वर मिनिट, त्यावर सेकंद, आणि प्रत्येक दोघांमध्ये कागदाची पांढरी रेघ दिसली पाहिजे. आता चावी ओढून काटे सावकाश फिरवा आणि वरच्या अकराही वेळांना थांबून ती रेघ शोधा. बाराला छान दिसणारी फट ५:२७ ला नाहीशी झालेली मी पाहिली आहे.

काट्यांवर, डायलवर चंद्रकोरीसारखा बारीक चरा दिसला तर शोध संपला. घासणाऱ्यानं सही करून ठेवली आहे.

*बसण्याच्या तऱ्हा.* सारखीच किल्ली देऊन एक रात्र सुलटं, एक रात्र पालथं, एक रात्र चावी वर करून उभं. फक्त पालथं असताना थांबलं तर काचेवर संशय घ्या.

उघडण्याआधी

पंखा बंद. ज्येष्ठ-आषाढात शक्यतो उघडूच नका. हवेतली ओल आत कोंडली जाते आणि पुढच्या एसीच्या खोलीत काचेखाली धुकं उमटतं. घड्याळ नवीन असेल तर झाकण उघडताच वॉरंटी संपली असं समजा. लागणारी हत्यारं थोडी: मागचं झाकण उघडायचा रबरी चेंडू किंवा पाना, बारीक चिमटा, काटे काढायचा पुलर, काटे दाबायचं प्लास्टिकच्या टोकाचं साधन, हवेचा ब्लोअर, मशीन धरायचा साचा आणि रोडिको, म्हणजे घड्याळवाल्यांची ती हिरवी चिकणमाती. फुंकर मारू नका. फुंकरीत थुंकी असते.

चावीचा दांडा सोडवताना मशीनवरची खळगी अलगद दाबायची. जोरात दाबलंत तर आतली तरफ जागची निसटते, आणि मग चावी ना वेळ लावते ना किल्ली देते. हौशी लोकांच्या हातून होणारा हा पहिल्या नंबरचा अपघात. माझ्याकडूनही दोनदा झालाय.

केसबाहेर एक रात्र

मशीन, डायल आणि काटे तसेच ठेवून बाहेर काढा, साच्यावर ठेवा आणि वर काचेचा पेला पालथा घाला. रात्रभर बाहेर बिनतक्रार चाललं आणि आत गेल्यावर थांबलं, तर काटे-डायल बहुधा निर्दोष. काच, भोवतालचं कडं किंवा चावीचा दांडा बघायचा. बाहेरही थांबलं तर केसची बाजू सोडून द्या. एका रात्रीत अर्धं काम संपतं. म्हणून ही तपासणी काट्यांना हात लावायच्या आधी.

काचेचा संशय असेल तर युक्ती सोपी आहे. सेकंद काट्याच्या मधल्या टोपीवर रोडिकोचा मोहरीच्या निम्म्याएवढा गोळा ठेवा, मशीन केसमध्ये बसवा, पुन्हा काढा. गोळा चपटा झाला असेल तर काच टेकतेय. जुन्या चेहऱ्यासाठी घेतलेल्या फुगीर काचा दोन प्रकारच्या असतात. काहींचा फुगवटा फक्त बाहेरून असतो आणि आतली बाजू सपाट, काही आतूनही पोकळ असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या प्रकारात काट्यांना वरची जागा मिळतच नाही. इलाज एकच, आतून पोकळ काच घेणं. काटे आणखी खाली दाबून जागा करायला गेलात तर एक दोष मिटवून दुसरा घ्याल.

दांडा लांब असेल तर एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून कमी कापायचा आणि कानशीनं घासून बघायचा. जास्त कापला गेला तर नवा दांडा घ्यावा लागतो. म्हणून दोन घेऊन ठेवा.

काटे

आधी मापं. एनएच३५ आणि ७एस२६ साठी काट्यांची भोकं तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिलिमीटर. स्विस ईटीए २८२४ मशीनची तास आणि मिनिटांची मापं हीच आहेत, पण सेकंदाचं ०.२५. त्यामुळे जुन्या स्विस घड्याळासारखा दिसणारा काट्यांचा देखणा संच घेतला की दोन काटे चपखल बसतात आणि तिसरा डुगडुगतो. डुगडुगणारा सेकंद काटा झुकतो आणि मिनिट काट्यावर रेलतो. नळी चिमट्यानं आवळायचे सल्ले मिळतील. दहातला एखादा जमतो, बाकीच्यांत नळी फाटते. योग्य मापाचा काटा मागवा.

वेळेशी न जुळणारा तास काटा ही दोन कारणांची बाब. एक तर तो सैल आहे आणि धक्क्यानं फिरतो, किंवा बसवतानाच चुकलाय. बसवायची रीत अशी: काटे नसताना चावीनं वेळ पुढे नेत राहा. तारीख ‘टक्’ करून उडाली की थांबा. ती मध्यरात्र. तास काटा तिथेच बारावर बसवा, मिनिट काटाही बारावर. तारीख चावीनं झटपट बदलायची असेल तर रात्री नऊ ते पहाटे चार या पट्ट्यात कधीच नाही, तेव्हा चाकांचे दात एकमेकांत गुंतलेले असतात.

तास काटा डायलला न टेकता जेवढा खाली जाईल तेवढा बसवा. इंडेक्स उठावाचे असतील तर काट्याचं टोक त्यांच्या वरून जाणार की अलीकडे संपणार तेही बघा. मग मिनिट काटा, समांतर. दोघांमध्ये कागद सरकेल एवढी फट मी ठेवतो. आता सेकंद काटा न बसवता अकराही भेटी तपासा, पूर्ण बारा तास फिरवून. सगळ्या भेटी निर्वेध झाल्या की मगच सेकंद काटा. तो बसवताना मशीनला खालून मध्यभागी आधार हवा आणि दाब बेतानं. घाईत दाबलेल्या सेकंद काट्यानं आतला दांडा खाली बसतो, आणि मग चालतं घड्याळ कायमचं बंद.

काट्यांच्या खालच्या बाजूला रेडियमचा लेप ओघळून फुगलेला असेल तर वरून काही दिसत नाही. काटा उलटा करून आयग्लासमधून बघा. मिनिट काट्याच्या पोटाला असा फुगवटा असला की दोन्ही काटे सरळ असूनही घासतात.

इथे माझा एक पराक्रम सांगायला हवा. रेडियम जुनाट, पिवळसर दिसावा म्हणून मी काटे कोऱ्या चहात बुडवून ठेवले होते. रंग सुंदर आला. तीन आठवड्यांनी घड्याळ थांबायला लागलं. उघडलं तर लेप ओलीनं सुटून त्याचा एक खपला तास काट्याखाली पडला होता, दुसरा तारखेच्या खिडकीच्या काठावर. हल्ली जुन्या रंगाचा तयार लेप मिळतो, तोच घ्या. चहा प्या.

आणि केसमधला केस. घरात मांजर असेल तर काट्यांच्या बुंध्याशी आयग्लासमधून नीट बघा. पांढऱ्या मांजराचा केस करड्या डायलवर दिसतो, करड्या मांजराचा दिसत नाही.

डायल आणि तारीख

बाजारातल्या बऱ्याच डायलना मागे चार पाय असतात, म्हणजे चावी तीनच्या जागी असो की चारच्या, दोन्हीकडे चालावेत. आपल्याला नको असलेले दोन कापायचे. इथेच ग्यानबाची मेख आहे. कापलेल्या पायाचा जेमतेम दिसणारा खुंट उरतो, डायल त्यावर टेकतं आणि एका बाजूनं उचललं जातं. मग तास काटा समजा दोन ते पाचच्या पट्ट्यातच घासतो. लोक काटा वाकवत बसतात. डायल काढा, मागच्या बाजूवर नख फिरवा. नख अडकलं तर सपाट कानशीनं खुंट पूर्ण घासून टाका, डायलचा चेहरा खाली मऊ कापडावर ठेवून. कण ब्लोअरनं उडवा.

पाय मोडलेत म्हणून चिकट ठिपक्यांवर डायल बसवलं असेल तर ठिपके चकतीच्या वाटेत आलेत का बघा. उन्हाळ्यात गोंद सुटून चकतीला लागतो आणि तारीख अर्ध्यात अडकते. मशीन आणि डायलमधली प्लास्टिकची कडी जागेवर आहे ना, नीट बसली आहे ना, तेही इथेच. ती नसेल तर डायल थेट चकतीवर दाबतं, आणि ‘रात्री दहा ते एक’ची तक्रार सुरू होते.

तारीख खिडकीत तिरकी दिसत असेल तर ते थांबण्याचं कारण नव्हे. चारच्या जागी चावी असलेल्या केसेससाठी, उदाहरणार्थ सिकोच्या एसकेएक्स ००७ या डायव्हर घड्याळासाठी, आकडे वेगळ्या कोनात छापलेली चकती लागते. तीनच्या चावीला ती लावली की आकडे कलंडतात.

नुसतं मशीन

सगळं काढा. काटे नाहीत, डायल नाही. पूर्ण किल्ली द्या, पेल्याखाली ठेवा. बॅलन्स चाक डोळ्यांना दिसतंच. चाळीसेक तास झुललं तर मशीन निर्दोष, चूक जुळवणीत, पुन्हा वरपासून. मध्येच थांबलं तर दोष मशीनमध्ये आहे, आणि तुमचं काम इथे संपलं.

आवाज ऐकून मोजमाप दाखवणारं यंत्र असेल तर एनएच३५ साठी लिफ्ट अँगल (यंत्राला आधी सांगायचा, त्या मशीनचा ठरलेला कोन) ५३ अंश लावा. पूर्ण किल्लीवर, डायल वर ठेवून, झोका (बॅलन्स चाक मधून एका बाजूला किती फिरतं ते) अडीचशे अंशांच्या पुढे मिळायला हवा. काटे नसताना आणि काटे लावल्यावर असं दोनदा मोजा. मोठी घसरण दिसली तर ती काट्यांनी खाल्ली आहे. दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस पुढे ही कंपनीनंच दिलेली मर्यादा आहे, त्यासाठी काही खोलू नका.

इथे थांबा, घड्याळजींकडे जा

- नुसतं मशीनही थांबतं, किंवा पूर्ण किल्लीवर झोका दोनशेच्या खाली आहे.
- केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग एका बाजूला ओढलेली किंवा गुंतलेली दिसते. चिमटा लावू नका, बघूही नका फार वेळ. बघता बघता हात जातो.
- चावीची तरफ निसटली, किंवा स्क्रूची खाच झिजली.
- आत पाण्याचा किंवा गंजाचा डाग आहे. या बाबतीत उद्या नाही, आजच जा.
- घड्याळ पाण्यात घालायचं आहे. मूळ ६२मास १५० मीटर खोलीपर्यंतचं होतं. तुमची केसही तसं म्हणत असेल, पण एकदा काच, चावी किंवा झाकण हलवलं की दाब-चाचणी होईपर्यंत ते घड्याळ शून्य मीटरचं. ही चाचणी घरी होत नाही.
- खरे जुने काटे किंवा डायल वापरताय आणि त्यावर खरा रेडियम आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. चमक गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. खरवडू नका, कानस लावू नका, ती पूड श्वासात जाता कामा नये.

एनएच३५ स्वस्त मशीन आहे. घड्याळजी कित्येकदा सांगतील की उघडून साफ करण्यापेक्षा नवं बसवा. ते तुम्हाला लुटत नाहीयेत, हिशोब तसाच आहे. मात्र तुम्ही ते उघडून काय काय केलंत ते खरं सांगा, आणि थांबलेल्या वेळांचे फोटो दाखवा. त्यांचा एक दिवस वाचतो.

एक विनंती, विषयाला सोडून. जुन्यासारखं बनवा, पण जुनं म्हणून विकू नका. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द प्रचलित आहे. नवं रंगवलेलं डायल आणि मिळतील ते भाग घालून जुनं म्हणून खपवलेल्या सिको-एचएमटींसाठी तो वापरतात. आपल्या शहराचं नाव असं ऐकायला बरं वाटत नाही.

मावसभावाच्या घड्याळात तास काटाच तिरका होता. काटा काढून पुन्हा सरळ दाबला, अकरा भेटी तपासल्या, वीस मिनिटांचं काम. दोन महिने चाललं. मग एका रविवारी पुन्हा फोन: “दादा, ६:४० ला थांबलंय, तुझ्या कागदात ही वेळच नाही.” फोटो मागवला. चावी पूर्ण बाहेर होती. घरातल्या चिमुरडीनं ओढली होती.